माळकरी ताट आणि कोबाल्टचा अणू

ऑक्टोबरात हिमायतनगरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू होते. शंभर ग्रॅम दाण्यात चाळीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असलेलं हे पीक तालुकाभर कापसाच्या जोडीला उभं असतं, पण पिकवणाऱ्याच्या ताटात क्वचितच येतं. ते तेलगिरणीला जातं, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि कोंबडी अंडं घालते. शेजारच्या किनवट तालुक्यातल्या आदिवासी गावांत गरोदर बायकांना अमृत आहार योजनेत शिजवलेल्या जेवणाबरोबर असं अंडं मिळतं. जी अंडं खात नाही, तिला केळी देतात.

अंड्याच्या जागी केळं आलं की पोट भरतं, साखर मिळते, पोटॅशियमही मिळतं. एक गोष्ट मात्र पूर्णपणे गळून पडते, आणि शाकाहारी गरोदरपणाचा सगळा प्रश्न त्या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो.

या भागात शाकाहाराची कारणं अनेक आहेत. वारकऱ्याच्या गळ्यात माळ पडली की घरातलं मटणाचं पातेलं बंद होतं. लिंगायत आणि जैन घरांत ते कधी नव्हतंच. माहूर जवळ असल्याने महानुभावांची वस्तीही आहे. यांच्याशिवाय एक मोठा गट असा, ज्याने कसलंही व्रत घेतलेलं नाही. पण मटण महिन्याकाठी एकदाच परवडतं, त्यातून सोमवार, गुरुवार, शनिवार आणि अख्खा श्रावण वजा होतो, आणि जे शिजतं त्यातला रस्सा सुनेच्या वाट्याला जास्त येतो, तुकडे कमी. ही बाई स्वतःला मांसाहारी म्हणवते. तिच्या रक्ताची तपासणी केली तर माळकरी बाईपेक्षा फार वेगळं चित्र निघेलच, असं नाही.

शाकाहारी राहून धडधाकट बाळ होतं का? होतं. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये शाकाहार, आणि दूधही वर्ज्य करणारा व्हीगन आहारसुद्धा, गरोदरपणात चालतो असं म्हटलं होतं. अट एकच होती, आहार नीट आखलेला हवा. आपल्याकडे तो आखला जात नाही, वाढला जातो. आणि बहुतेक घरांत तो वाढणारीच शेवटी जेवते.

आधी लोहाचं बघू, कारण भारतातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असतं. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांमधून लोह मिळतं, पण शंभर भागांतले जेमतेम आठ-दहा भाग रक्तात पोचतात. मटणातलं याहून बरंच जास्त शोषलं जातं. ज्वारी-बाजरीत लोह बरं असलं तरी त्याच दाण्यातलं फायटिक आम्ल त्याला धरून ठेवतं. मोड आणल्याने, आंबवल्याने ही पकड सैल होते. लिंबू पिळलं, आवळ्याची फोड घेतली की क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढतं. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला की ते घटतं. मराठवाड्यात हा शेवटचा मुद्दा सांगणं सोपं आणि पाळणं अवघड, कारण चहा नाकारणं म्हणजे पाहुणचार नाकारणं. जेवणानंतर तास-दीड तासाने घेतलेल्या चहावर कुणाचा आक्षेप नाही.

एवढं करूनही गरोदरपणातली गरज ताटातून भागत नाही, मग आहार कोणताही असो. म्हणून सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून लाल गोळी सुरू होते: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल, रोज एक, निदान १८० दिवस. कॅल्शियमची गोळीही मिळते. दोन्ही एकदम घेतल्या तर लोहाचं शोषण कमी होतं, म्हणून एक सकाळी, एक रात्री. गोळ्यांनी लेकरू काळं होतंय, असं अजूनही सांगितलं जातं. काळी होते ती विष्ठा, कारण न शोषलेलं लोह तिथून बाहेर पडतं. बाळाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. उलट माती, खडू, चुलीची राख खावीशी वाटणं, ज्याला डोहाळे म्हणून हसण्यावारी नेतात, ते बऱ्याचदा रक्तातलं लोह तळाला गेल्याचं लक्षण असतं. तसं वाटलं तर डोहाळजेवणाची वाट न बघता हिमोग्लोबिन तपासावं.

प्रथिनांची अडचण त्या मानाने सोपी. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, तुरीत भरपूर. भाकरीबरोबर वरण घट्ट असलं की दोघं मिळून काम भागवतात. वरणात डाळ किती आणि पाणी किती, प्रश्न तेवढाच. शेवटच्या तीन महिन्यांत रोज वीसेक ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. इथे मोंढ्यातलं सोयाबीन घरी थांबवायला हरकत नाही: दहा किलो गव्हात एक किलो, पण भाजून. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, उष्णतेने तो निकामी होतो. शेंगदाणे, तीळ, कारळ आणि जवस या चारही चटण्या या भागाने फार पूर्वीच शोधून ठेवल्या आहेत. तीळ कॅल्शियम देतो, जवस ओमेगा-३ देतं, जरी शरीर त्यातलं थोडंच बाळाच्या मेंदूला लागणाऱ्या रूपात बदलू शकतं.

आणि पालेभाज्या: अंबाडी, तांदुळजा, मेथी, शेवग्याचा पाला. यांच्या बाजूने मुंबईतलाच एक भक्कम पुरावा आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ दरम्यान साडेसहा हजार बायकांवर एक प्रयोग झाला. डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडच्या डॉ. कॅरोलिन फॉल त्यात प्रमुख होते. अर्ध्या बायकांना रोज पालेभाज्या, फळं आणि दूध पावडर घातलेला समोशासारखा खाऊ दिला, उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषणाच्या भाज्यांचा. दिवस जाण्याच्या आधीपासून. बाळांचं सरासरी वजन एकूण गटात ठळकपणे वाढलं नाही. ज्यांनी दिवस जाण्याआधी तीन महिने किंवा जास्त काळ खाऊ खाल्ला होता, त्यांच्या बाळांत ते ४८ ग्रॅमनी जास्त भरलं. मोठा परिणाम अनपेक्षित ठिकाणी दिसला. गरोदरपणातला मधुमेह बटाट्याच्या गटात १२.४ टक्के बायकांना झाला, पालेभाज्यांच्या गटात ७.३ टक्के. खाऊत मांस नव्हतं, अंडं नव्हतं.

आता ती गळून पडलेली गोष्ट. तिच्याकडे जाणारी वाटही मुंबईतूनच जाते.

१९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत होता. त्यात रक्तपेशी कमी तर होत्याच, पण ज्या होत्या त्या नको तेवढ्या मोठ्या आणि कच्च्या. विल्सने या बायका काय खातात ते पाहिलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि अखेर स्वस्तातलं यीस्टचं काळपट, खारट सत्त्व, म्हणजे मार्माइट, रोग्यांना चाटवलं. बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्या सत्त्वातला अज्ञात घटक बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळालं. चाळीसच्या दशकाच्या मध्यावर ते कारखान्यात बनवण्याची कृती बसवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आजची लाल गोळी अशी मुंबईच्या गिरणगावातून हिमायतनगरच्या आशाताईंच्या पिशवीत आली आहे.

पण मोठ्या, कच्च्या रक्तपेशी आणखी एका कमतरतेनेही होतात, ती म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये सापडलं. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू असतो आणि तो रेणू बांधण्याची कला फक्त जिवाणूंना येते. कुठलंही झाड ते बनवत नाही, आणि गाय-म्हैसही बनवत नाही; त्यांच्या पोटातले जिवाणू बनवतात आणि ते दुधात उतरतं. अंबाडी असो की केळं, सोयाबीन असो की बदाम, बी-१२ शून्य. इडलीचं आंबवलेलं पीठ किंवा स्पिरुलिनाच्या महागड्या गोळ्या यांच्यावर विसंबू नये. स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं, पण शरीराच्या उपयोगी न पडणारं रसायन असतं.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बायकांचं खाणं आपल्या भागाहून फार निराळं नव्हतं, वजनं चाळीस-बेचाळीस किलोंची. अठराव्या आठवड्यातल्या रक्ताच्या नमुन्यांत दोन-तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी निघालं. फोलेट कमी असलेली बाई किती? एक. पुढे ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्यात इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. ही पुढच्या मधुमेहाची पहिली पायरी. २००८ मध्ये हे निष्कर्ष आले.

असं का व्हावं, याचं जीवरसायन गुंतागुंतीचं आहे, पण गाभा सांगता येतो. पेशीत डीएनए बनताना फोलेट लागतं. रक्तातून येणाऱ्या फोलेटला मिथाइल नावाचा एक गट चिकटलेला असतो. तो उतरवून घेण्याचं काम बी-१२ च्या मदतीने होतं. बी-१२ नसेल तर ते फोलेट खात्यावर दिसत राहतं, पण वटत नाही, जसा सही नसलेला चेक. गोळीतलं कृत्रिम फोलिक आम्ल वेगळ्या दाराने आत शिरतं, त्यामुळे रक्त काही काळ सुधारतंही. मज्जातंतूंना मात्र बी-१२ वेगळं हवं असतं. तिथलं नुकसान सुधारलेल्या हिमोग्लोबिनच्या आड चालू राहतं.

प्रयोगशाळेचा कागदही इथे फसवतो. लोह कमी असलं की रक्तपेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असलं, जे आपल्याकडे सर्रास असतं, की दोघांची सरासरी ‘नॉर्मल’ येते. नेमाने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नसेल, हातापायांना मुंग्या येत असतील, जीभ लाल-गुळगुळीत झाली असेल, तर डॉक्टरांना बी-१२ ची तपासणी विचारावी. माळकरी असल्याचं न विचारताच सांगावं.

बाळापर्यंत हे कसं पोचतं, ते १९६२ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं होतं. अंगावर दूध पिणारी काही तान्ही मुलं सुस्त होत चालली होती, हसायची थांबली होती, मान धरेनाशी झाली होती, हातापायांच्या सांध्यांवर काळे डाग पडले होते. आयांच्या दुधातच बी-१२ नव्हतं. ते दिल्यावर मुलं झपाट्याने सुधारली. असं बाळ आजही एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडे येतं, आणि ‘दृष्ट लागली’ म्हणत महिना घालवून येतं.

दुधाबद्दल मग काय? गरोदर बाईला दिवसाला अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ लागतं. मोठा पेलाभर दूध साधारण एक मायक्रोग्रॅम देतं. दूध, दही, ताक मिळून अर्धा लिटरपेक्षा जास्त पोटात गेलं तर हिशेब जुळत येतो. पुण्यातच झालेल्या एका छोट्या अभ्यासात शाकाहारी तरुणांनी रोज दूध वाढवल्यावर त्यांच्या रक्तातलं बी-१२ वाढलं होतं. अडचण अशी की म्हैस दारात असली तरी दूध सकाळीच डेअरीवर जातं, आणि गरोदर सुनेला ‘ताकद’ म्हणून तूप मिळतं. बी-१२ पाण्यात विरघळतं, स्निग्धात नाही. लोणी काढल्यावर ते ताकात राहतं, कढवलेल्या तुपात येत नाही. दही थंड म्हणून वर्ज्य, तूप पौष्टिक म्हणून डिंकाच्या लाडवात. निदान या एका जीवनसत्त्वापुरता हा न्याय उलटा आहे.

व्हीगन बाईला तर गोळीशिवाय मार्गच नाही, आणि माळकरी बाईलाही बहुधा ती लागतेच. इथे एक शंका हमखास निघते: हे औषध जनावरापासून काढतात का? नाही. कारखान्यात जिवाणूंच्या किण्वनातून बनतं. काही कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. घरात तेही चालत नसेल तर साधी गोळी मागावी, ती सहज मिळते.

सरकारी लाल गोळीत बी-१२ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घेतलेल्या, गरोदर बायकांसाठीच्या पंधरा पोषकांच्या गोळीत ते २.६ मायक्रोग्रॅम आहे. पुण्याच्या त्या खेड्यांतली मुलं मोठी झाल्यावर, २०१२ पासून, याज्ञिकांच्या गटाने त्यांनाच किशोरवयात रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं, मुलींना थेट बाळंतपणापर्यंत. त्यांच्या बाळांचं वजन वाढलं नाही. पण दोन-तीन वर्षांच्या वयात आकलनाच्या आणि भाषेच्या चाचण्यांत बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं सरस ठरली. संख्या लहान होती, तेव्हा यावरून डंका पिटायचं कारण नाही. तरी मुंबईचा खाऊ आणि पुण्याची गोळी एकाच वेळेकडे बोट दाखवतात, ती म्हणजे दिवस जाण्याआधीची. नववा महिना तर सोडाच, चौथाही उशिराचा.

त्या वयातल्या मुलींना शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. बी-१२ तिच्यातही नाही.