एल्डन रिंग: जीव वाचवायचा कसा?

२०२२ च्या ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेममध्ये नवे खेळाडू मरतात ते बहुधा हावरटपणामुळे. मार्गिट या बॉससमोर बाटली तोंडाला लावली, की तो खंजीर फेकतोच! आधी अंतर घ्या, मग प्या.

लाल बाटली आरोग्य भरते, निळी जादूशक्ती. दोन्ही मिळून जास्तीत जास्त १४ घोट. सोनेरी बिया घोट वाढवतात, पवित्र अश्रू प्रत्येक घोटाची ताकद. ग्रेस या विश्रांतीच्या जागेपाशी बसलात की बाटल्या पुन्हा भरतात. शत्रूंची अख्खी टोळी मारली तरी थोडे घोट परत मिळतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

तुमचा घोडा टॉरेंट याचं आरोग्य भरायला मात्र रोवा मनुका.

मारिकाच्या तिसऱ्या चर्चमधली मिश्रणाची बाटली सुरुवातीलाच उचला. तिथलाच लाल स्फटिक त्यात घालून प्यायलात, की निम्मं आरोग्य परत!