‘ध’ चा ‘मा’ : एका खलनायिकेची घडण

ऐतिहासिक घटनांच्या आठवणी वाक्प्रचारांत गोठवून ठेवण्याची मराठी भाषेला खोड आहे. ‘पानिपत होणे’ या प्रयोगात एका रणभूमीचे नाव शिल्लक राहिले. ‘ध चा मा करणे’ या प्रयोगात केवळ एक अक्षर शिल्लक राहिले. हे अक्षर बदलणारा हात कोणाचा, हे वाक्प्रचारात कोठेही सांगितलेले नाही. तरीही तो रघुनाथराव पेशव्याची पत्नी आनंदीबाई हिचा होता, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. न उच्चारलेला कर्ता सर्वांच्या मनात इतका पक्का असावा, ही गोष्ट भाषाभ्यासकाने थांबून पाहण्यासारखी आहे. अलीकडे ऐतिहासिक क्रूर स्त्रियांना अद्भुत कथांच्या भूमिका-खेळांत खलपात्रे म्हणून उभे करण्याची प्रथा जगभर रुळली असल्यामुळे या प्रश्नाचा विचार अधिकच उपयुक्त ठरेल.

मूळ घटना निर्विवाद आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा वध केला. त्याचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग हे गारद्यांचे म्होरके आणि तुळाजी पवार हा त्यांचा साथीदार. थकलेल्या पगाराचे निमित्त पुढे करून ते वाड्यात शिरले. पुतण्याने नजरकैदेत ठेवलेला रघुनाथराव त्याच वाड्यात होता. नारायणराव धावत त्याच्याच आश्रयास गेला, आणि ‘काका, मला वाचवा’ हे त्याचे शब्द परंपरेने जतन केले. पुढे चौकशीअंती रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावास दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे त्याच्या तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, हेही सर्वश्रुत आहे.

या हकीकतीत आनंदीबाईचा प्रवेश होतो तो एका कागदाच्या वाटेने. कथा अशी की, रघुनाथरावाने गारद्यांना लिहून दिलेला हुकूम ‘नारायणरावास धरावे’ एवढाच होता. आनंदीबाईने त्यातील ‘ध’ पुसून ‘मा’ केला, आणि कैदेचा हुकूम वधाचा झाला. हा फेरफार केलेला कागद इतिहाससंशोधकांच्या हाती आलेला नाही. तेव्हा कथा खरी की खोटी याचा निकाल कागदावरून लावता येत नाही. कथेची बांधणी मात्र तपासता येते, आणि ती तपासू लागल्यावर ती रचणारा, कोणीही असो, भाषेचा उत्तम जाणकार होता असे म्हणावे लागते.

‘नारायणरावास धरावे’ हे वाक्य भावे प्रयोगातील आहे. कर्म ‘-स’ प्रत्यय घेऊन आलेले, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी, आणि कर्ता लुप्त. कोणी धरावे, हे वाक्य सांगत नाही. आता ‘धर’ या धातूच्या जागी ‘मार’ हा धातू ठेवावा. दोन्ही धातू सकर्मक असल्यामुळे विभक्ती बदलावी लागत नाही, प्रत्यय बदलावा लागत नाही. उरलेले वाक्य जसेच्या तसे राहते. हेच ‘ध’ चा नुसता ‘म’ केला असता तर साधले नसते. ‘मरणे’ हे अकर्मक क्रियापद. ‘नारायणरावास मरावे’ असे मराठीत कोणी लिहीत नाही, ‘नारायणरावाने मरावे’ असे लिहावे लागते. म्हणजे कारस्थान करणाऱ्यास विभक्तीही पालटावी लागली असती. मरणे–मारणे, पडणे–पाडणे, तरणे–तारणे या जोड्यांत धातूतील स्वर दीर्घ होताच क्रिया दुसऱ्यावर जाऊन पडते, हा नियम वाक्प्रचार घडविणाऱ्या लोकांनी शिकला नव्हता, पण पाळला. म्हणूनच म्हण ‘ध चा म’ अशी नसून ‘ध चा मा’ अशी आहे. त्या एका कान्यात सगळे व्याकरण आहे.

लिपीचा विचार करता कथा थोडी अडखळते. असा हुकूम मोडीतच लिहिला गेला असणार. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहिली जात, शब्दांमध्ये अंतर सोडले जात नसे, आणि हात शक्य तितका कमी उचलला जाई. मोडी ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळीत नाही. त्या स्वरांच्या बाबतीत अर्थ बदलला तरी कागदावर काही दिसले नसते. ‘अ’ आणि ‘आ’ यांचा भेद मात्र ती पाळते. तेव्हा येथे दोन कामे करावयाची होती : ‘ध’ चे वळण मोडून ‘म’ चे वळण आणणे आणि दाटीवाटीने लिहिलेल्या ओळीत काना बसविणे. कसलेल्या हाताला हे अशक्य नव्हते. पण ‘एका फटकाऱ्यात’ असे जे रंगवून सांगतात ते सांगणाऱ्याच्या सोयीसाठी सांगतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ही कथा आनंदीबाईपेक्षा पुष्कळ जुनी आहे. बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्र यांच्या ‘परिशिष्टपर्वा’त सम्राट अशोक आणि राजपुत्र कुणाल यांची कथा येते. कुमाराने आता अध्ययनास आरंभ करावा, अशा अर्थाचे प्राकृत पत्र अशोक लिहितो. त्यातील क्रियापद ‘अधीयउ’. कुणालाची सावत्र आई त्यावर एक टिंब देते आणि ‘अंधीयउ’, म्हणजे ‘आंधळा व्हावा’, असे होते. पित्याची आज्ञा मानून कुमार आपले डोळे घालवितो. येथे एक अनुस्वार, तेथे एक काना. राजाज्ञा तीच, तरुण वारस तोच, आणि अक्षरास हात लावणारी घरातील स्त्रीही तीच. युरोपातही याचे भावंड आढळते. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड १३२७ साली बर्कली किल्ल्यात कैदेत असता मारला गेला. त्याच्या रक्षकांना एक लॅटिन वाक्य पाठविले गेले, त्यात विराम एका जागी घेतला तर ‘मारण्यास भिऊ नका’ आणि दुसऱ्या जागी घेतला तर ‘मारू नका’ असा अर्थ होई, अशी कथा पुढे प्रसृत झाली. ते वाक्य पाठविणारा बिशप होता. पण लोकांच्या मनातील खरी खलनायिका राजाची पत्नी इझाबेला हीच राहिली.

अशा भटक्या कथाबीजाला पुण्यात मुक्काम करावासा का वाटला, याचे उत्तर रघुनाथरावाच्या प्रतिमेत शोधावे लागते. तो अटकेपार गेलेला ‘राघोभरारी’. अशा वीराने सख्ख्या पुतण्याचा वध करविला हे पचविणे मराठी मनाला जड गेले. ‘धरावे’ हा शब्द त्याचा आणि ‘मारावे’ हा शब्द तिचा, अशी वाटणी केली की वीर केवळ दुबळा ठरतो, पातकी ठरत नाही. रामशास्त्र्यांच्या निर्णयात दोष पतीवर ठेवलेला होता. म्हणीने तो पत्नीवर ठेवला. भावे प्रयोगातील कर्त्याची रिकामी जागा अशा रीतीने भरली गेली, आणि भरताना कैकेयीचा साचा हाताशी होताच. पुत्राला गादी मिळावी म्हणून दुसऱ्याचा पुत्र दूर करणारी माता, हा तो साचा. पण तो येथे नीट बसत नाही. जो पुढे गादीवर आला तो आनंदीबाईचा पुत्र दुसरा बाजीराव जानेवारी १७७५ मध्ये धार येथे जन्मला. वधाच्या वेळी तो गर्भातही नव्हता. आनंदीबाई महत्त्वाकांक्षी नव्हती असा याचा अर्थ नव्हे. ती लिहिणारी-वाचणारी, राजकारणात मन असलेली स्त्री होती, आणि पतीची कैद संपावी अशी तिची इच्छा असल्यास त्यात नवल नाही. परंतु कैकेयीचे प्रयोजन तिला १७७३ साली लागू करता येत नाही, इतके तारखाच सांगतात. कटात तिचा भाग नव्हताच असेही तारखांवरून सिद्ध होत नाही, हे उघड आहे.

रंगभूमीने ही प्रतिमा पक्की केली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’ (१९०९) या नाटकात आनंदीबाई शेक्सपिअरच्या लेडी मॅक्बेथच्या वळणावर उभी आहे : कचरणाऱ्या पतीला पुढे ढकलणारी, आणि बोलण्यात त्याच्याहून धारदार. त्या काळी ही भूमिका पुरुष नट करीत. पुढे प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटात ललिता पवार यांनी ती केली. या बाईंनीच नंतर हिंदी-मराठी पडद्यावर छळवादी सासूचा नमुना घालून दिला, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पेशव्यांच्या वाड्यातून निघालेली खलनायिका अशा वाटेने मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचली.

आता भूमिका-खेळांकडे वळता येईल. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होऊन जग आणि त्यातील संकटे सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्याच्या वतीने निर्णय करतात, आणि यशापयश फाशांवर ठरते. या प्रकाराचा आद्य छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकेत १९७४ साली निघाला. त्यात प्रत्येक पात्राच्या बळ, बुद्धी इत्यादी गुणांना आकडे असतात, आणि ते सुष्ट की दुष्ट, नियम पाळणारे की मोडणारे, हेही पात्राच्या कागदावर नोंदलेले असते. अशा खेळांतील दुष्ट सरदारणीमागे बहुधा एकच ऐतिहासिक स्त्री उभी असते : हंगेरीची उमराव एलिझाबेथ बाथोरी (१५६०–१६१४). दासींचा छळ आणि हत्या यांच्या आरोपावरून डिसेंबर १६१० मध्ये तिला चाख्तित्से येथे पकडण्यात आले. तिच्या नोकरांना देहान्त शिक्षा झाली. तिच्यावर स्वतः खटला न चालविता तिला मरेपर्यंत कोंडून ठेवले. शेकडो साक्षी नोंदल्या गेल्या, आणि त्यांतील क्रौर्य सहज झटकून टाकता येणार नाही. पण तारुण्य टिकविण्यासाठी ती कुमारिकांच्या रक्ताने स्नान करी, ही जी गोष्ट खेळांना सर्वांत प्रिय, ती त्या साक्षींत नाही. ती तिच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७२९ साली, एका जेसुइट लेखकाच्या ग्रंथात प्रथम छापली गेली. १९९४ च्या ‘कॅसलव्हेनिया : ब्लडलाइन्स’ या व्हिडिओ खेळात तिच्यावरून बेतलेली एलिझाबेथ बार्टली थेट रक्तपिपासूंच्या कुळात जाऊन बसली आहे.

खेळाला खलपात्र करण्यासाठी फार थोडे लागते : एक ठाणे, एक हेतू, एक विलक्षण शक्ती, आणि जिच्यामुळे ते हरविता येईल अशी एक उणीव. बाथोरीच्या बाबतीत ही शक्ती इतिहासाने दिली नव्हती, ती १७२९ च्या ग्रंथाने दिली. आनंदीबाईच्या बाबतीत ती म्हणीने तयारच ठेवली आहे. लिहिलेली आज्ञा एका अक्षराने फिरविणारी राणी, यापरती अद्भुत कल्पना कोणता खेळ रचील? ठाणे शनिवारवाडा, उणीव ही की मूळ कागद कोणी शोधून काढला तर तिची जादू संपते. मराठीत असा खेळ कोणी रचू पाहील तर त्यास सामग्री कमी पडणार नाही. मात्र तेथे एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. भूमिका-खेळात पात्राचा दुष्टपणा हा खेळ सुरू होण्यापूर्वीच कागदावर मांडलेला असतो. त्यावर चौकशी नसते, कारण ती झाली तर खेळच होणार नाही. आनंदीबाईच्या नावाने पात्र घडविले की रामशास्त्र्यांना त्या टेबलावर जागा उरत नाही. नाव बदलून, कल्पित राज्य योजून, अक्षर फिरविण्याची शक्ती तेवढी ठेवली तर खेळाचे काही अडत नाही. कुणालाच्या सावत्र आईपासून चालत आलेले ते बीज तसेही कोणा एकीच्या मालकीचे नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील वाचकास या कथेचे शेवटचे टोक शोधण्यासाठी पुण्यास जावयास नको. आनंदीबाईचा पुत्र दुसरा बाजीराव नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांस मिळण्याच्या आशेने या भागात आला असता १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याच्या परिसरात, शिवणी येथे, कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्यास गाठले आणि त्याचे सैन्य उधळले. त्यानंतर दीड-पावणेदोन महिन्यांत, ३ जून रोजी, तो माल्कमच्या स्वाधीन झाला आणि बिठूरास गेला. पुतण्याच्या रक्ताचे फळ म्हणून पेशवाई बुडाली, असे सांगण्याचा मोह बखरवजा लेखनास नेहमीच होत आला आहे. १८१८ साली आनंदीबाई मरून चोवीस वर्षे झाली होती. शिवणीच्या माळावर बाजीरावाजवळ उरलेले सैन्य, त्याचा थकलेला पगार आणि इंग्रजांच्या तीन बाजूंनी येणाऱ्या पलटणी यांचा हिशेब मांडला, तर त्या पराभवाचा उलगडा होण्यास कोणत्याही अक्षराची गरज भासत नाही.