जिल्हा व्यवस्थापकाची मुलाखत

मुलाखतीची तयारी म्हणजे नवा सदरा, प्रमाणपत्रांची चोपडी आणि सामान्य ज्ञानाचें एखादें जाडजूड पुस्तक, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून दृढ झालेली दिसते. कारकुनाच्या जागेला एवढी शिदोरी कदाचित् पुरेलही. पण नाबार्डचा जिल्हा विकास व्यवस्थापक घ्या, अग्रणी बँकेचा घ्या, किंवा १९७८ सालीं स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचा जिल्हा व्यवस्थापक घ्या. यांपैकीं कोणी कर्जाचीं प्रकरणें हाताळतो, कोणी नुसता आराखडा आंखतो, परंतु त्याच्या अज्ञानाची किंमत शेवटीं कर्ज मागणाऱ्याच्या घरांत मोजली जाते. म्हणून निवड मंडळ चांचपून पाहतें तें मुख्यतः एवढेंच, कीं या गृहस्थाला जिल्हा दिसतो कीं नाहीं.

समजा, उमेदवार नाशिकजवळच्या ओझरचा आहे. मग, श्रोतेहो, अभ्यासासाठीं त्याला प्रथम दूर जावयास नको. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या या गांवीं एकीकडे १९६४ सालीं स्थापन झालेला विमानांचा कारखाना आहे. तेथें मिग बनलीं, पुढें सुखोई बनलीं. दुसरीकडे द्राक्षांचे मळे. कारखान्यांतल्या नोकराचा पगार दरमहा येतो, बागाईतदाराचा पैसा वर्षांतून एकदां. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि माल हातीं येतो तो बहुधा जानेवारीनंतर. गोडी छाटणीपासून औषधें व मजुरी यांचा खर्च मात्र एकसारखा चालू. ऑक्टोबरांत हवा असलेला पैसा डिसेंबरांत मिळाला, तर कागदावर वर्षाचें उद्दिष्ट पुरें होतें आणि इकडे शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसलेला असतो. हें ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगतां येतें, त्याला पतपुरवठ्याची व्याख्या पाठ नसली तरी चालेल.

‘वसुली कशी कराल ?’ हा प्रश्न बहुधा येतोच. ‘नोटिसा काढीन’ हें त्याचें सर्वांत दुबळें उत्तर. ओझरच्या उमेदवारानें येथें वाघाड कालव्याची हकीकत आठवावी. धरण दिंडोरी तालुक्यांत, ओझर कालव्याच्या शेपटाला. पाणी पोंचतां पोंचत नसे. बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानें १९९० नंतरच्या वर्षांत तेथें पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यावयाचें, पट्टी आपली आपण गोळा करावयाची, वांटपाचा तंटाही आपणच मिटवावयाचा. पुढें २००५ सालीं राज्यानें शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाच केला. पदरांत काय पडलें हें दिसलें आणि मागणारा ओळखीचा असला, म्हणजे माणूस पैसे देतो; माझ्या मतें वसुलीचें निम्में शास्त्र एवढ्यांत आलें.

पण ओझर म्हणजे नाशिक जिल्हा नव्हे. तालुके पंधरा आहेत. सुरगाणा-पेठच्या डोंगरांत भात-नागलीची कोरडवाहू शेती, मालेगांवीं यंत्रमाग, येवल्यास पैठणीचे माग. द्राक्षाच्या हिशेबानें सुरगाण्याचें कर्ज आंखणारा व्यवस्थापक दोन्हीकडे फसतो. मुलाखतीपूर्वीं एस्. टी. नें एकदां सुरगाण्याला जाऊन यावें. बाजाराच्या दिवशीं गेल्यास उत्तम.

‘वजनदार पुढाऱ्यानें अपात्र माणसाची शिफारस केली तर ?’ असेंही विचारतात. येथें आवेशानें बोलण्यांत अर्थ नाहीं. अर्ज नोंदवून घेईन, नियम दाखवीन, नकाराचें कारण लेखी देईन, असें शांतपणें सांगावें. जें ठाऊक नाहीं तें ‘ठाऊक नाहीं’ म्हणावें. समोर बसलेल्यांनीं थापा पुष्कळ ऐकलेल्या असतात. आणि अखेरीस ‘तुम्हांला कांहीं विचारावयाचें आहे काय ?’ असें म्हणाले, तर पगाराआधीं हें विचारावें : कचेरींत माणसें किती आहेत, आणि खेड्यांत जावयास वाहन मिळतें काय ?