'मॉड्यूल सापडत नाही' असं लिंटर म्हणतो, तेव्हा

वाळूजच्या कारखान्यातला कामगार 'गंगापूरला जातो' म्हणाला, तर तो तालुक्याच्या गावी निघालाय हे सगळ्यांना कळतं. नाशिकात हेच वाक्य गोदावरीवरच्या धरणाकडे नेतं, आणि रेल्वेच्या नकाशावर राजस्थानातलं गंगापूर सिटीही आहे. कोडमध्ये '@/' पासून सुरू होणारा इंपोर्टचा मार्ग असाच असतो. त्याचा पत्ता वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावा लागतो.

म्हणूनच 'प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, म्हणजे लिंटरच चुकतोय' हा समज टिकत नाही. लिंटर प्रोग्रॅम चालवून बघतच नाही, तो फक्त कोड वाचतो. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 1978 च्या सुमारास सी भाषेसाठी 'लिंट' लिहिलं, तेव्हापासून पद्धत हीच. कोड जोडून चालवण्याजोगा करण्याचं काम वेबपॅक किंवा व्हीट करतं आणि '@/' म्हणजे कोणता फोल्डर हे त्याच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. लिंटर ते सेटिंग आपणहून उघडत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारा गैरसमज टाइपस्क्रिप्टचा. टीएसकॉन्फिगमध्ये 'पाथ्स' लिहिले की साऱ्या साधनांना ते कळले, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते टाइपस्क्रिप्टला आणि त्याचा आधार घेणाऱ्या एडिटरला कळतात, बाकीच्या बऱ्याच साधनांना आपोआप कळत नाहीत. कंपायलर तयार जावास्क्रिप्टमध्ये हे मार्ग बदलूनही देत नाही, जसेच्या तसे सोडतो. चाचण्या चालवणाऱ्या जेस्टला ते मॉड्यूल-नेम-मॅपरमधून पुन्हा सांगावे लागतात. इएसलिंट या लिंटरचा गाभा तर इंपोर्टची फाइल शोधतच नाही. ते काम 'इंपोर्ट' प्लगइनच्या 'नो-अनरिझॉल्व्ड' नियमाचं, आणि तो मुळात नोडच्या पद्धतीनं शोधतो. त्याला टाइपस्क्रिप्टचा रिझॉल्व्हर जोडला की तो टीएसकॉन्फिग वाचू लागतो. एकाच रेपोत अनेक प्रकल्प असतील, तर प्रत्येकाचा टीएसकॉन्फिग कुठे आहे तेही सांगावं. एकच गोष्ट चार ठिकाणी लिहायची हे वैतागवाणं आहे, पण आहे ते असं आहे.

'मग नियमच बंद करा' हा सल्ला सरसकट वाईट नाही. संपूर्ण टाइपस्क्रिप्ट प्रकल्पात हा नियम बंद ठेवा असं टाइपस्क्रिप्ट-इएसलिंटचे कर्तेच सुचवतात, कारण ती तपासणी कंपायलर करतोच. साध्या जावास्क्रिप्टमध्ये मात्र असा दुसरा पहारेकरी नसतो. तिथे प्रत्येक ओळीवर 'दुर्लक्ष करा'ची टिप्पणी चिकटवणं मला आळशीपणाच वाटतो.

शिवाय इशारा खराही असू शकतो. रोमन लिपीतल्या फाइलच्या नावात मोठं अक्षर आणि इंपोर्टमध्ये लहान, हे विंडोजवर सहसा खपतं. लिनक्सच्या सर्व्हरवर खपत नाही.

पायथॉनमध्ये पायलिंटचा 'इंपोर्ट-एरर' येतो, तेव्हा बऱ्याचदा पायलिंट प्रकल्पाच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटबाहेर बसवलेला असतो. तसं नसेल, तर स्वतःच्या कोडचा मूळ फोल्डर त्याला सेटिंगमधून दाखवावा.

सेटिंग बदलल्यावर एडिटरमधला लिंटर पुन्हा सुरू करावा. जुनीच लाल रेघ बघून माणसं नसते बदल करत बसतात. मग मुद्दाम एक चुकीचा मार्ग लिहून टर्मिनलमधून लिंटर चालवावा. तो गप्प राहिला, तर त्याला पत्ता कळला असं समजू नये. नियमच चालू नाही.