आखडलेला गुडघा आणि रास्त अपेक्षा

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली, तेव्हा सर्वत्र चर्चा झाली ती रुपयांची. या शस्त्रक्रियेतून रुग्णाच्या पदरात नेमके काय पडते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. नवा सांधा बसला की गुडघा पूर्वीसारखा वाकेल, हा समज समाजात दृढ आहे. ज्यांचा गुडघा आधीच आखडलेला आहे, त्यांच्या बाबतीत तो विशेष फसवा ठरतो.

सपाट रस्त्यावर चालण्यास गुडघा सुमारे ७० अंश वाकावा लागतो. जिना चढउतार करण्यास ९० च्या आसपास, खुर्चीतून सहज उठण्यास १०० च्या जवळपास. मांडी घालून वा उकिडवे बसण्यास त्याहून बरेच अधिक अंश लागतात. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, हे मुख्यत्वे तो आधी किती वाकत होता यावर अवलंबून असते. सांधा धातूचा व प्लास्टिकचा झाला, तरी भोवतालचे स्नायू जुनेच राहतात. संधिवात, जुना अस्थिभंग किंवा जंतुसंसर्ग यांमुळे मांडीच्या पुढचा स्नायू आखडून चिकटलेला असतो. तो मोकळा करताना वाटीखालचा स्नायुबंध तुटण्याचा आणि पुढे जखम चिघळण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

मग अशा रुग्णाने शस्त्रक्रिया टाळावी काय? तसे मुळीच नाही. आखडलेल्या गुडघ्याच्या हालचालीत पडणारी भर लवचीक गुडघ्यापेक्षा सहसा मोठीच असते. अंतिम मजल तेवढी कमी पडते. ४० अंशांवर अडलेला गुडघा ८० अंशांपर्यंत वाकू लागला, तर पंगतीला मांडी घालून बसणे जमणार नाही. पण वेदना ओसरून चालणे सुकर होणे, हा लाभ लहान नव्हे.

म्हणूनच गुडघा पुरता आखडेपर्यंत निर्णय लांबणीवर टाकणे शहाणपणाचे नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील व्यायामात हयगय झाली, तर मिळवलेली हालचालही हातची जाते. शल्यविशारदांनीही ‘गुडघा बरा होईल’ एवढ्यावर न थांबता संभाव्य लाभ व धोके आधीच स्पष्ट सांगितले पाहिजेत. खर्चाचा हिशेब चोख विचारणाऱ्या रुग्णाने अंशांचा हिशेबही तितक्याच आग्रहाने विचारावा.