पेटी, ढोलकी, बेंजो : वऱ्हाडातला हौशी वादक

वऱ्हाडात अनेक वाद्ये वाजवणारा हौशी वादक घडतो तो बहुतेक वेळा भजनी मंडळात. मंडळाला एक पेटी, एक तबलाजोडी किंवा मृदंग, टाळ आणि खंजिरी लागते. माणसे मात्र शेतीची, दुकानाची, शाळेची कामे सांभाळून येणारी असतात. पेटीवाला लग्नाला गेला की कोणीतरी पेटीवर बसावे लागते, तबलजीला पाणी द्यायला रात्रपाळीने शेतात जावे लागले की कोणीतरी डग्गा पुढे ओढावा लागतो. हा 'कोणीतरी' दहा-पंधरा वर्षांत चार-पाच वाद्ये बऱ्यापैकी वाजवू लागतो. एका वाद्यावर प्रभुत्व मिळवण्याच्या शास्त्रीय परंपरेहून ही वाट वेगळी आहे. इथे मंडळात जे कमी असेल ते शिकले जाते आणि लोकांसमोर बसून शिकले जाते.

मूर्तिजापूर तालुका या परंपरेच्या मध्यावर आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा, पण त्यांचे बालपण आणि तरुणपण गेले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी. त्यांचे कीर्तन प्रश्नोत्तरांवर आणि श्रोत्यांच्या टाळ्यांवर चाले. तुकडोजी महाराजांनी, जन्म यावली १९०९, खंजिरी हातात घेतली आणि भजनाला वेगळाच जोर दिला. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि गुरुदेव सेवा मंडळांच्या शाखा गावोगाव निघाल्या. या शाखांमुळे गावात निदान एक खंजिरी आणि एक पेटी हवी, हा रिवाज पक्का झाला. दुसरीकडे शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने गावांना टाळ, मृदंग, वीणा असे भजनी साहित्य देण्याची पद्धत ठेवली. तिसरा प्रवाह भीमगीतांचा. आंबेडकरी जलशांतून आणि वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींच्या गाण्यांतून आलेल्या या गायनात ढोलकी, पेटी आणि बेंजोला मोठे स्थान आहे. मूर्तिजापुरातला एकच वादक एकादशीला विठ्ठलमंदिरात आणि चौदा एप्रिलच्या रात्री मिरवणुकीत दिसू शकतो. वाद्य दोन्हीकडे तेच, पट्टी आणि लय तेवढी बदलते.

सगळ्यात आधी घरात येते ती पेटी. पाय-पेडलची हार्मोनियम पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याने १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी बाजारात आणली. संगीत नाटकांनी ती महाराष्ट्रभर पोहोचवली. कापसाच्या पैशामुळे अमरावती, अकोला ही शहरे नाटक कंपन्यांच्या दौऱ्यांची हक्काची ठिकाणे होती. दादासाहेब खापर्डे यांच्यासारख्या वऱ्हाडातल्या बड्या माणसांचा नाटकाला आश्रय होता आणि नाट्यपदे लोकांच्या कानांत होती. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला कार्यक्रमांतून बाहेर काढले. तिचे स्वर ठरीव असतात, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप होता. ही बंदी १९७१ मध्ये अंशतः उठली. भजनी मंडळांना त्या तीस वर्षांत काहीच फरक पडला नाही. डॉ. विद्याधर ओक यांनी पुढे बावीस श्रुतींची पेटी बनवून त्या आक्षेपाला उत्तर दिले. गावातल्या पेटीवर मात्र बाराच स्वर आहेत आणि त्यांवर उत्तम भजन होते.

जुनी पेटी घेणाऱ्याने लाकडाच्या चकाकीकडे शेवटी बघावे. पहिली परीक्षा भात्याची. सगळे स्टॉप बंद करून भाता भरायचा आणि सोडून द्यायचा. तो स्वतःच झटकन मिटला तर हवा कुठेतरी निसटते आहे. कातड्याच्या घड्या, आतली गाद्यांची बैठक किंवा साऊंडबोर्डाला गेलेली बारीक चीर, या तीनपैकी एक कारण असते. घडी बदलता येते, गादी नव्याने बसवता येते, पण साऊंडबोर्ड फाटलेली पेटी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. दुसरी परीक्षा सुरांची. प्रत्येक पट्टी हलक्या भात्यावर दाबून पाहायची. चांगला सूर कमी हवेतही लगेच बोलतो. आळशी सूर भात्याला जोर दिल्यावरच उठतो. पितळेच्या जिभा धुळीने अडकतात, तेव्हा नुसत्या कुंचल्याने काम भागते. बेसूर जिभेला कानशीने घासून मिळवता येते : टोकाकडे घासली तर स्वर चढतो, मुळाकडे घासली तर उतरतो. फार वेळा घासलेली जीभ पातळ होत जाते आणि कधीतरी मोडते, म्हणून जिभांच्या टोकांवरची घासल्याची रेषा उजेडात धरून पाहावी. सूर एका ओळीचे आहेत की दोन ओळींचे, आणि दोन ओळी असतील तर खर्ज आणि नर की नर आणि मादी, हेही विचारावे. मंडळात पन्नास माणसांच्या आवाजात दुहेरी ओळीची पेटीच ऐकू येते. भारतीय पेट्यांतल्या सुरांचा मोठा भाग गुजरातमधल्या पालिताण्याला तयार होतो. जर्मन किंवा पॅरिसच्या सुरांची पेटी असे सांगून भाव चढवला जातो. तो दावा जिभांच्या पट्टीवरची खूण पाहून तपासावा.

आणखी एक गोष्ट खरेदीत सहसा निसटते. मध्य सप्तकातल्या 'अ' स्वराची ४४० हर्ट्‌झ ही कंपनसंख्या आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९३९च्या लंडनच्या परिषदेत मान्य झाली. त्याआधीच्या आणि नंतरच्याही अनेक पेट्या थोड्या चढ्या मिळवलेल्या असतात. एकट्या गायकासाठी त्याने बिघडत नाही. पण तीच पेटी कीबोर्डाच्या शेजारी ठेवली की पेटीची काळी एक आणि कीबोर्डाची काळी एक जुळत नाही, आणि गाणाऱ्याला नेमके काय खटकते ते कळत नाही. अनेक वाद्ये बाळगणाऱ्याने प्रत्येक वाद्य घेताना एकाच यंत्राशी, आता फोनमधल्या ट्युनरशी, पडताळावे.

दुसरे वाद्य तालाचे. तबल्याच्या दायाँचे खोड शिसव, बिजा किंवा खैराच्या लाकडाचे असते. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा. पुडी बकऱ्याच्या कातड्याची, कडेला गजरा, तो ताणणारी वादी, वादीखाली गट्ठे, आणि पुडीच्या मध्यावर शाई. शाई म्हणजे लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचा लेप. तो थरावर थर देऊन दगडाने घोटला जातो. ताणलेल्या साध्या कातड्यावर थाप मारली तर स्वरांची सरमिसळ निघते, पण शाईचा भार मध्यावर आला की उपस्वर एका मूळ स्वराच्या पटींत बसतात. सी. व्ही. रामन यांनी हे १९२०च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले आणि जगाला कळले की भारतीय कारागिराने कानाने सोडवलेला हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे. शाईला भेगा पडणे हा तिच्या जातीचाच गुण आहे; पण भेगांतून दाणे सुटू लागले की नाद घोगरा होतो आणि पुडी बदलावी लागते.

दायाँच्या तोंडाचा व्यास जितका लहान, तितका स्वर उंच. एक दायाँ फार तर एक-दोन स्वर वर-खाली होतो, त्यापलीकडे पुडी फाटते किंवा मेलेला आवाज देते. वारकरी भजनाची पट्टी बरीच वरची असते, भावगीताची खालची. त्यामुळे जो तबलजी दोन्हीकडे साथ करतो त्याच्याकडे एका डग्ग्यावर दोन-तीन दायाँ जमा होतात, आणि लोकांना तो उगाच खर्च वाटतो. मृदंगाचे तसे नाही. डाव्या तोंडाला कणकेचा गोळा लावून, तो कमी-जास्त करून घुमारा जमवतात. ढोलकीच्या डाव्या पुडीला आतून लेप असतो. नटबोल्टच्या ढोलकीला वादी ताणण्याचे कष्ट नसतात, म्हणून नवशिक्यांनी ती घेतली तरी हरकत नाही. जाणकार मात्र वादीच्या ढोलकीचाच नाद मागतात आणि त्यांचे म्हणणे खरे आहे.

बेंजो हे नाव इथे बुलबुलतरंगाला आहे. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तयार केलेल्या ताइशोगोतो या जपानी वाद्यावरून तो आला. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तारांची लांबी बदलायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, असे हे वाद्य पेटी येणाऱ्याला महिनाभरात जमते. त्याला वीज जोडून कर्ण्यावर वाजवला की मिरवणुकीतली शंभर ढोलांची गर्दी तो भेदतो. कॅसिओने १९८० मध्ये कीबोर्ड विकायला सुरुवात केल्यानंतर काही वर्षांतच ऑर्केस्ट्रावाल्यांच्या तोंडी कीबोर्ड म्हणजे 'कॅसिओ' झाला. बासरीत पट्टीचा प्रश्न सगळ्यात त्रासदायक आहे : प्रत्येक पट्टीला वेगळी बासरी लागते, म्हणून बासरी शिकणाऱ्याची पिशवी फुगत जाते. उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतला बासऱ्या बनतात, त्यांचा बांबू आसामातून येतो. लग्नाच्या बँडमधली क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम ही वाद्ये बहुतांशी मेरठची. तिथल्या नादिर अली कंपनीची स्थापना १८८५ची. सतार आणि तंबोऱ्यासाठी महाराष्ट्राने मिरजेकडे पाहिले. पंढरपूर, मंगळवेढ्याच्या भागातले भोपळे तिथे जातात आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हौशी माणसाच्या घरी तंबोरा आता क्वचितच उरला आहे, बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये आणलेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने त्याची जागा घेतली आणि आता तेही काम फोन करतो.

वऱ्हाडाचे हवामान वाद्यांना कठीण आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते. लाकूड आटते, सांधे उघडतात, पुड्या ताणून चढतात. म्हणून उन्हाळ्यात वाजवून झाल्यावर तबल्याच्या वाद्या थोड्या सैल कराव्यात. जून-जुलैत उलटे होते : कातडे ओल शोषते, स्वर उतरतो, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. पत्र्याच्या खोलीत, थेट छताखाली ही पेटी ठेवायला सर्वांत वाईट जागा. मातीची जुनी घरे वाद्यांना अधिक मानवत होती. कातडे आणि खळ असलेल्या प्रत्येक वाद्याला उंदीर लागतो, म्हणून पेटी खोक्यासकट उंचावर ठेवणे आणि महिन्यातून निदान दोनदा वाजवणे, हेच तिचे जतन आहे. बंद पडून राहिलेली पेटी वाजणाऱ्या पेटीपेक्षा लवकर खराब होते.

अनेक वाद्ये वाजवण्यात एक अडचण असते आणि एक फायदा. फायदा असा की स्वरज्ञान आणि लयज्ञान एकदा आले की ते सगळीकडे चालते. तालाची मात्रा हाडात बसलेला माणूस पेटी वाजवतो तेव्हा समेवर चुकत नाही, आणि पेटी येणारा तबल्याला कानाने मिळवतो. अडचण हाताची. तबल्याच्या बोटांना दाब आणि उसळी लागते, पेटीला मऊ आणि सलग हालचाल, बासरीला भोकांवर हवाबंद बोटे. रोज तासभरच वेळ असेल तर तो एका वाद्याला द्यावा आणि बाकीची मंडळाच्या दिवशी वाजवावीत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद परीक्षा या दृष्टीने उपयोगी पडतात, कारण त्या एका वाद्याला बांधून ठेवतात. हौशी वादकाने एक वाद्य परीक्षेपुरते खोलवर आणि बाकीची साथीपुरती शिकावीत, ही विभागणी अनुभवाने ठरलेली आहे. पु. ल. देशपांडे पेटी उत्तम वाजवत, आणि त्याच तयारीवर त्यांचे नाटक-चित्रपटांचे संगीत उभे राहिले. अमरावतीला जन्मलेल्या केशवराव भोळे यांनी प्रभातच्या चित्रपटांत हवाईयन गिटार, पियानो, व्हायोलिन ही वाद्ये मराठी गाण्यांना जोडली; संत तुकारामाचे (१९३६) संगीतही त्यांचेच. वाद्यांचा असा मोठा परिचय नसता तर ते त्यांना सुचले नसते.

खरेदी-विक्रीचा काळ पिकांवर ठरतो. सोयाबीन आणि कापसाचे पैसे हाती आल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, गावात नवी वाद्ये येतात. अकोला-अमरावतीच्या दुकानांत तेव्हा गर्दी असते. विकायचे असेल तर श्रावणाच्या तोंडावर काढावे, कारण सप्ताह, गणपती आणि नवरात्र जवळ असतात. पेरणीच्या दिवसांत कोणी घेत नाही आणि त्याच वेळी गरजू माणूस पडत्या भावात विकतो. मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावी वाद्याची किंमत शेवटी दुरुस्ती करणाऱ्या कारागिरावर ठरते. पुडी भरून देणारा आणि पेटी मिळवणारा ज्याच्या टप्प्यात आहे, तो फुटकी पुडी असलेला तबलाही घेऊ शकतो, कारण खोड चांगले असेल तर खरी दौलत तेच. कारागीर दूर असेल तर बोर्ड आणि कळांचे सुटे भाग मिळणारा नवा कीबोर्ड परवडतो, पण त्याची फेरविक्री पाच वर्षांत जवळपास शून्यावर येते. लाकडाची पेटी मात्र तीस वर्षांनीही विकली जाते.

जुन्या वाद्यांचा सौदा करताना कायद्याचे भान लागते. जुन्या ऑर्गनच्या पट्ट्यांवर आणि जुन्या सतारींच्या नक्षीत हस्तिदंत सापडतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हस्तिदंताची विक्री बेकायदा आहे, वाद्य कितीही जुने असले तरी. घोरपडीच्या कातड्याची खंजिरीही त्याच कायद्यात येते. बकऱ्याचे कातडे किंवा फायबरची पुडी लावलेली खंजिरी निर्धोक आहे. मंडळाच्या पेटीचे वेगळेच असते. ती वर्गणीतून घेतलेली, गावाची मालमत्ता. ज्याच्या घरी ठेवली त्याच्या नावावर ती होत नाही, आणि घर विकताना किंवा वाटणीत ती यादीत धरली जाऊ नये म्हणून मंडळाच्या वहीत तिची नोंद, पावती आणि सध्या कोणाकडे आहे ते लिहून ठेवतात. वादक गेल्यावर त्याच्या घरची वाद्ये बहुधा अशाच मंडळाकडे येतात. ज्या घरात पुढची पिढी वाजवत नाही, तिथे बाजारात भाव करण्याऐवजी गावातल्या शिकणाऱ्या मुलाला कमी पैशात देण्याची रीत अजून टिकून आहे, आणि अनेक वर्षे बंद असलेली पेटी त्या मुलाच्या हाती जाण्याआधी भाता नव्याने भरून, सूर मिळवून घेण्याचा खर्च मंडळ उचलते.