गिझर नेमकी किती वीज खातो? घरच्या घरी असं मोजा

थंडी पडली की घराघरांत एक प्रश्न ठरलेला असतो, "गिझर बंद केलास का?" बिल वाढलं की पहिला संशय त्याच्यावरच. पण तो खरंच किती वीज घेतो?

वॅट वेगळे, युनिट वेगळं

१००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट होतं. बिल युनिटवर येतं. ३००० वॅटचा गिझर २००० वॅटच्या गिझरपेक्षा जास्त वीज ओढतो, पण पाणी लवकर तापवून लवकर बंदही होतो. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला दोघांनाही जवळपास सारखीच वीज लागते.

एका बादलीचा हिशोब

२० लिटर पाणी २० अंश सेल्सिअसवरून ४० वर न्यायला सुमारे ०.४७ युनिट लागतं. चौघांच्या चार बादल्या म्हणजे रोज जवळपास १.९ आणि महिन्याला साधारण ५६ युनिट. महावितरणच्या घरगुती दरांचा पहिला टप्पा १०० युनिटचा आहे, पुढची युनिट महाग पडतात. म्हणजे त्या स्वस्त टप्प्यातली निम्म्याहून जास्त युनिट आंघोळीतच जातात.

आणि शॉवर? मिनिटाला ८ लिटर पाणी सोडणारा शॉवर १० मिनिटं चालला की ८० लिटर. एकट्याच्या आंघोळीत चौघांच्या बादल्या!

कसं मोजायचं?

१. फ्रिजसह घरातलं बाकी सगळं थोडा वेळ बंद करा.
२. मीटरवरचं केडब्ल्यूएच रीडिंग लिहून घ्या.
३. गिझर लावा. पाणी तापून तो आपोआप बंद झाला की पुन्हा रीडिंग घ्या.

दोन्हींतला फरक म्हणजे खर्च झालेली युनिट. १५ लिटरची टाकी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट दिसायला हवं.

मग वीज वाया कुठे जाते?

टाकीत उरलेल्या गरम पाण्यात. ते हळूहळू निवतं आणि गिझर चालूच असेल तर तेच पाणी पुन्हा पुन्हा तापत राहतं. टाकीचं आवरण चांगलं असेल तर हा तोटा कमी होतो. टाकीवाल्या गिझरचं स्टार लेबल नेमकं हेच सांगतं, त्यामुळे नवा घेताना वॅटच्या आधी ते बघा.

जुनाच वापरायचा असेल, तर सगळ्यांनी एकापाठोपाठ आंघोळ उरकायची आणि शेवटच्याने बटण बंद करायचं. महिनाभराने रीडिंग पुन्हा ताडून बघा.